धावपट्टी, डेपो आणि कैफियतीचा रकाना

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विदर्भातील जुन्या धावपट्ट्यांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाने परिश्रम घेतले आहेत, यात शंका नाही. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी १९४० मध्ये आणि अकोल्याजवळची शिवणीची १९४३ मध्ये, म्हणजे दोन्ही ऐन दुसऱ्या महायुद्धात बांधल्या गेल्या, हे त्यांनी नेमके सांगितले आहे. मात्र एखादा विमानतळ बंद पडून त्याची जागा लष्कराच्या ताब्यात गेली, की त्या जागेचा इतिहास तिथेच थांबतो, अशा आशयाचे विधान त्यांनी लेखाच्या शेवटी केले आहे, ते मला मान्य नाही. कुंपण पडते आणि बाहेरच्या माणसाला आत जाता येत नाही, एवढेच काय ते होते. आत काम चालूच असते. त्या कामाच्या खुणा मातीत राहतात, पाण्यात उतरतात, आसपासच्या गावांच्या बोलण्यात येतात. गावच्या कागदांत मात्र त्या क्वचित सापडतात. या कागदांविषयीच मला लिहायचे आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी. कात्री लावावीच लागली, तर शेवटचा भाग तेवढा राखावा, ही विनंती.

माझा जन्म वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातला. तालुक्यातच माध्यमिक शाळेत २९ वर्षे भूगोल शिकवला आणि आता निवृत्त होऊन थोडीफार शेती पाहतो. पुलगावचा दारूगोळा डेपो लहानपणापासून आमच्या क्षितिजावर आहे. जुना दारूगोळा निकामी करण्याचे काम सुरू असले, की दुपारच्या शांततेत खिडकीची तावदाने खणखणत, फळीवरची पितळी भांडी किणकिणत, आणि आजी तांदूळ निवडणारा हात न थांबवता म्हणे, "डेपोत फोडून रायले." पुढे मी विद्यार्थ्यांकडून तालुक्याचा नकाशा काढून घेत असे, तेव्हा त्या भागात काय दाखवायचे, असे दरवर्षी कोणीतरी विचारी आणि तिथे कोरी जागा सोडा, असे मी दरवर्षी सांगे. लष्करी ठिकाणाचा तपशील शाळेच्या वहीत नसावा, हे योग्यच आहे. पण त्या कोऱ्या जागेत एके काळी वावरे होती, धुऱ्यावर बाभळी होत्या, बंड्या जाण्याच्या पांदणी होत्या, हे मी एकाही वर्गाला सांगितले नाही. खरे तर ते मला सुचलेच नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे जर्मनीत तीन महिने राहण्याचा योग आला नसता, तर ते आजही सुचले नसते. जावई स्टुटगार्टजवळ एका मोटार कारखान्यात अभियंता आहेत आणि त्यांचे बिऱ्हाड ब्योब्लिंगन या गावी, रेल्वे स्थानकामागच्या नव्या वस्तीत आहे. वस्तीचे नाव 'फ्लुगफेल्ड', म्हणजे सरळ आपल्या भाषेत सांगायचे तर विमानाचे मैदान. सकाळी फिरायला निघालो, की सरळ रेषेत आखलेले एक लांबलचक तळे लागे आणि पुढे काचेच्या नव्या इमारतींच्या गर्दीत एक जुनी, आब राखून उभी असलेली इमारत दिसे. पहिला आठवडाभर मी तिला शाळाच समजत होतो. हा इथला जुना विमानतळ, असे जावयांनी सांगितले आणि तेव्हापासून आमचा रोजचा परिपाठ ठरला: ते त्या जागेविषयी मिळेल ते वाचून दाखवत आणि मी वहीत उतरवून घेई. ती वही समोर ठेवूनच पुढचे लिहीत आहे.

ब्योब्लिंगनच्या शिवारात विमानांचे मैदान पहिल्यांदा तयार झाले ते १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, लष्करासाठी. जर्मनी युद्ध हरली, व्हर्सायच्या तहाने तिला लष्करी विमाने बाळगण्याची मनाई झाली आणि मैदानाचे काम संपले. मग १९२५ मध्ये त्याच जागेवर त्या प्रांताचा नागरी विमानतळ स्टुटगार्टच्या नावाने सुरू झाला. नाव मोठ्या शहराचे, जमीन लहान गावाची, ही रीत आपल्याला परकी वाटू नये. त्याच्या आधाराने हान्स क्लेम या अभियंत्याने १९२६ मध्ये तिथे हलक्या विमानांचा कारखाना काढला. लाकडी बांधणीची, दोन माणसे बसतील एवढीच ही विमाने. त्यांतल्या एका नमुन्याचे इंजिन अवघ्या २० अश्वशक्तीचे होते. आमच्या गावातला सर्वांत जुना ट्रॅक्टरही याहून ताकदवान आहे, असे मी म्हणालो, तेव्हा जावयांना ती सासऱ्याची थट्टा वाटली. घरी गेल्यावर आकडे ताडून पाहिले, तेव्हा त्यांना पटले. असल्या विमानांतून माणसांनी समुद्र आणि वाळवंटे ओलांडली, हे वाचताना भूगोलाच्या शिक्षकाला काय वाटले असेल, ते सांगत बसत नाही.

नागरी विमानतळाचे आयुष्य जेमतेम चौदा वर्षांचे ठरले. वाहतूक वाढली, मैदान अपुरे पडू लागले आणि स्टुटगार्टसाठी एख्टरडिंगन येथे नवा विमानतळ बांधला गेला. तोच आजही चालू आहे. ब्योब्लिंगनचे मैदान जर्मन हवाई दलाकडे गेले. ७ आणि ८ ऑक्टोबर १९४३ च्या मधल्या रात्री ब्रिटिश विमानांनी स्टुटगार्टच्या दिशेने केलेल्या हल्ल्यात ब्योब्लिंगनवर बॉम्ब पडले आणि जुन्या गावाचा मोठा भाग जळाला. १९४५ मध्ये युद्ध संपले. पुढे मैदान अमेरिकन लष्कराच्या हाती आले, आणि इथून पुढचा काळ असा आहे, की आपल्या लेखकांच्या मते तो इतिहासात मोजायचाच नाही. या काळात तिथे रणगाड्यांची आणि लष्करी वाहनांची दुरुस्ती करणारा प्रचंड डेपो उभा राहिला आणि तो १९९० नंतरच्या वर्षांपर्यंत चालला. म्हणजे प्रवासी विमाने ज्या जमिनीवर चौदा वर्षे उतरली, तिच्यावर रणगाड्यांची इंजिने त्याच्या तिप्पट काळ उघडली आणि जोडली गेली. यातले जास्त वजनदार प्रकरण कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

बंद विमानतळ डेपोला इतका सोयीचा का पडतो, याचे उत्तर जमिनीतच आहे. धावपट्टीसाठी सपाट, पाणी न साठणारी आणि भोवती अडथळा नसलेली जागा निवडलेली असते. तिच्याखाली दगडमातीचा भराव दाबून घातलेला असतो, त्यामुळे अवजड वाहने रुतत नाहीत. विमाने ठेवण्याची उंच, मधे खांब नसलेली दालने आयतीच असतात. त्यांत विमानाच्या जागी रणगाडा उभा केला, तरी छताला काही फरक पडत नाही. इंधन साठवण्याच्या टाक्या असतात, पहारा असतो, कुंपण असते, आणि बहुतेक वेळा जवळच लोहमार्ग असतो. सर्वांत मोठी सोय ही, की जमीन सरकारच्या नावावर आधीच चढलेली असते, तेव्हा नव्याने कोणाशी बोलावे लागत नाही. आपल्याकडे मात्र काळ्या मातीची एक अडचण आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे कापसाचे उत्तम वावर धावपट्टीच्या कामाचे नसते आणि मुरमाड बरड जमीन, जिच्याकडे कास्तकार ढुंकून पाहत नाही, ती अभियंत्याला हवी असते. हा उलटा न्याय मी वर्गात सांगत असे, तेव्हा मुले हसत.

ब्योब्लिंगनचा डेपो रिकामा झाला, तेव्हा काय उरले होते, हे या पत्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अनेक दशके सांडलेले तेल, इंधन आणि यंत्रे धुण्याची द्रावके जमिनीत मुरली होती. त्याखाली १९४३ आणि नंतरच्या हल्ल्यांतले न फुटलेले बॉम्ब असण्याची शक्यता होती. जर्मनीत अशा जागी पाया खणण्याआधी युद्धकाळात मित्रराष्ट्रांच्या विमानांनी काढलेली हवाई छायाचित्रे मागवतात आणि बॉम्ब पडल्याच्या खुणा त्यांत शोधतात. म्हणजे ज्यांनी बॉम्ब टाकले, त्यांच्याच दप्तरातून ते कुठे पडले याचा माग काढतात. टाक्या कोठे होत्या, नळ कोठून गेले होते, कोणत्या दालनात कोणते काम चालत असे, यांचेही जुने नकाशे अशा वेळी बाहेर निघतात. माती तपासली गेली, जिथे आवश्यक तिथे उपसली गेली, आणि मगच घरे उभी राहिली. इतिहास म्हणजे समारंभात वाचायची गोष्ट, असे मानणाऱ्यांनी हा भाग लक्षात घ्यावा. तिथे जुना कागद पाया खणणाऱ्याच्या हातात होता.

आणखी एक गंमत. मैदान दोन गावांच्या शिवेवर होते, काही भाग ब्योब्लिंगनचा आणि काही शेजारच्या झिंडलफिंगनचा, आणि या दोन गावांचे आपसात फारसे सख्य नाही, असे लेक सांगते. आपल्याकडे शिवेवरचे एक लिंबाचे झाड दोन ग्रामपंचायतींना तीन पिढ्या पुरते. त्यांनी २००२ मध्ये सुमारे ८० हेक्टर जागेसाठी एक संयुक्त मंडळ काढले आणि काम पुढे नेले. विमानतळाच्या जुन्या इमारतीत आणि दालनांत आज जुन्या मोटारींचा बाजार आणि प्रदर्शन आहे. हौशी श्रीमंतांच्या गाड्या काचेच्या खोल्यांत एकावर एक ठेवलेल्या दिसतात. मला ते फारसे रुचले नाही. रणगाडे दुरुस्त करणाऱ्या कामगारांविषयी तिथे थोडी अधिक जागा द्यायला हवी होती, असे वाटले. पण इमारत उभी आहे, वस्तीचे नाव मैदानाचेच आहे, आणि दुसरीतल्या माझ्या नातीला आपण विमानतळावर राहतो हे ठाऊक आहे.

आता आपल्याकडे येऊ. ब्योब्लिंगनला एकाच जागेवर जे घडले, ते विदर्भात वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आहे: धावपट्ट्या बिरसीला आणि शिवणीला, डेपो पुलगावला. बिरसीला वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र झाले आणि २०२२ मध्ये प्रवासी विमानही उतरले. शिवणीच्या धावपट्टीच्या विस्ताराची चर्चा आमच्या पिढीने तरुणपणापासून ऐकली आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान आले, तेव्हा अमरावतीकरांनी जो उत्साह दाखवला, तो रास्तच होता. नागपूरचे सोनेगाव विमानतळ तर एके काळी देशाच्या टपालाचा मध्यबिंदू होते: १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. याविषयी आपल्या लेखात एक ओळ असती, तर बरे झाले असते.

पुलगावचा डेपो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि पूर्वेकडची सीमा अचानक जवळ आली. तेव्हा दारूगोळा ठेवायला समुद्रापासून आणि सीमेपासून दूर, पण मुख्य लोहमार्गावरची जागा सोयीची होती. मुंबई-नागपूर मार्गावरचे, वर्धा नदीकाठचे पुलगाव या मापात चपखल बसते. त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षी, जुलैमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावे असा ठराव केला होता. या योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी पुढे जातो. हा डेपो आज देशातला सर्वांत मोठा दारूगोळा साठा मानला जातो आणि त्याचा विस्तार सुमारे ७,००० एकर असल्याचे वर्तमानपत्रांतून वेळोवेळी आले आहे. अशा ठिकाणाभोवती बांधकामावर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला १९०३ च्या कायद्याने आहे, आणि ही मर्यादा २,००० यार्डांपर्यंत जाऊ शकते. १९०३ मध्ये हे अंतर कोणी कशावरून ठरवले, हे समजून घेण्याची मला फार इच्छा आहे. आजच्या घरकुलाच्या भिंती त्या काळच्या तोफांच्या हिशेबाने मोजल्या जातात.

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आम्ही सगळे एकदम जागे झालो. आधी वीज पडल्यासारखा उजेड, मग आवाज, आणि मग पायाखालची फरशी हलली. डेपोजवळच्या आगरगावहून माझी चुलतबहीण, तिच्या दोन सुना आणि नातवंडे पहाटे तीनच्या सुमारास आमच्या दारात पोहोचली. ढोरांचे दावे सोडून देऊन, घराला कडीसुद्धा न लावता ती निघाली होती. धाकट्या सुनेच्या हातात दुधाचे पातेले होते, त्यात दूध नव्हते. ते आपण का घेतले, हे तिला शेवटपर्यंत सांगता आले नाही. डेपोत लागलेल्या त्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह दीड डझनाहून अधिक जणांचा जीव गेला, आणि त्यांतले बरेचसे आग विझवायला धावलेले होते. त्यांच्या धैर्याविषयी आमच्या भागात आजही आदराने बोलले जाते. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीच्या शिवारात जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण दगावले, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. दोन सोनेगावे, एकाच्या जमिनीवर विमाने उतरतात आणि दुसऱ्याच्या शिवारात बॉम्ब पुरून फोडतात. बाहेरच्या पत्रकारांची या नावांत नेहमी गल्लत होते, म्हणून मुद्दाम नोंदवले.

ही ठिकाणे नसावीत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. देशाला दारूगोळा लागतो आणि तो कोठेतरी ठेवावाच लागतो. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल डेपोच्या मजुरीवर पेटली, हेही मी पाहिले आहे. माझा मुद्दा लहान आहे: युद्धाच्या वर्षांत विदर्भात धावपट्ट्यांसाठी, डेपोंसाठी आणि छावण्यांसाठी ज्या जमिनी गेल्या, त्यांची गावनिहाय, शेतनिहाय नोंद एका जागी कोठेही वाचायला मिळत नाही. कोणाच्या किती एकर गेल्या, त्या कायमच्या संपादित झाल्या की युद्धापुरत्या अधिग्रहित, मोबदला कोणाला मिळाला, यांतले काहीही आजच्या कास्तकाराला सहज कळत नाही. संपादन आणि अधिग्रहण या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १८९४ च्या कायद्याने संपादन झाले, तर जमीन गेली ती गेली. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली अधिग्रहण झाले असेल, तर ताबा गेला, मालकी राहिली, आणि युद्धानंतर ती परत करायची की ठेवायची, याचा निर्णय १९४७ च्या आणि पुढे १९५२ च्या कायद्याखाली व्हायचा होता. गावात मात्र दोन्हींना एकच शब्द आहे: मिलिटरीत गेलं.

त्यात आपल्याकडे राज्येच बदलत गेली. युद्धकाळात वर्धा मध्यप्रांतात होते. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी दप्तर हलले, नमुने बदलले, खसरा ही जुनी शेतनोंद जाऊन सातबारा आला. मालगुजाराच्या नावावरची जमीन गेली, तेव्हा ती प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाच्या पदरात काय पडले, याचा शोध घ्यायचा तर किमान तीन राजवटींचे कागद जुळवावे लागतील. मालिक-मकबुजा, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज हे त्या काळच्या महसुली दप्तरातले शब्द समजणारे जुने पटवारी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

माझ्या आजोबांचे साडेनऊ एकरांचे एक वावर असेच युद्धाच्या काळात लष्करी कामासाठी गेले. घरात त्याला 'आंब्यावालं' म्हणत, आणि ते गेल्यानंतर चाळीस वर्षांनीही आजी कोणत्याही आंब्याची चव त्या झाडाशी ताडून पाही. आजीच्या एका जुन्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या लुगड्याच्या घडीखाली, त्या वावराच्या खसऱ्याची एक नक्कल सापडली. जाड, पिवळा पडलेला कागद, वर गोल शिक्का अर्धा उमटलेला, शेताचा क्रमांक, क्षेत्र, पीक 'कापूस-तूर', आणि शेवटच्या कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात फिकट शाईत दोनच शब्द: 'लष्कराकडे दिले.' कोणी दिले, केव्हा दिले, कशाच्या बदल्यात दिले, याविषयी पुढे काही नाही. एका माणसाचे साडेनऊ एकर आणि एक आंबा दोन शब्दांत मिटवणाऱ्या त्या कारकुनाच्या संयमाचे मला राहून राहून नवल वाटते.

मूळ नोंद पाहावी, म्हणून मी एका कार्यालयात अर्ज केला. तिथल्या माणसांनी सौजन्याने वागवले, चहाही दिला. पण ज्या वर्षांचे बस्ते हवे होते, ते मागच्या खोलीत होते आणि त्या खोलीत पाणी गळत होते. लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा माझ्यासमोर सोडला गेला, तेव्हा मधली पाने विटेसारखी एकमेकांना चिकटलेली होती आणि कडेला वाळवीची बारीक माती होती. पावसाळ्यानंतर या, असे सांगण्यात आले. त्याला आता दोन पावसाळे झाले आहेत. यात कोणा एकाची चूक काढण्यात अर्थ नाही. त्या खोलीचे छत माझ्या नोकरीच्या आधीपासून गळत असावे.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे, की १९३९ ते १९४७ या काळात लष्करी कामासाठी गेलेल्या जमिनींच्या नोंदी विदर्भातील प्रत्येक जिल्ह्यातून शोधून त्यांच्या प्रतिमा तयार कराव्यात आणि नागपूरच्या अभिलेखागारात त्या वाचकांना खुल्या कराव्यात. यात सुरक्षेचा भंग कसा होईल, हे मला समजत नाही. डेपोच्या आत आज काय आणि कोठे आहे, हे कोणी विचारत नाही; ऐंशी वर्षांपूर्वी तिथे कोणाचे वावर होते, एवढेच विचारले आहे, आणि कुंपण तर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. बिरसी आणि शिवणीला एकेक साधा फलक लावावा: धावपट्टी केव्हा झाली, कोणत्या गावांची किती जमीन गेली. डेपोंच्या आणि दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानांच्या शेजारी असलेल्या गावांत विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी ठरावीक काळाने तपासून त्याचे निकाल ग्रामसभेत वाचावेत; ब्योब्लिंगनला जे डेपो उठल्यावर करावे लागले, ते आपण डेपो चालू असतानाच करू शकतो आणि त्यात लष्कराच्या माणसांचेही हित आहे, कारण तेही तिथलेच पाणी पितात.

आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. डेपोंत आणि धावपट्ट्यांवर जुन्या काळी मजुरी केलेली, मुरूम वाहिलेली, शेडभोवतीचे गवत उन्हाळ्याआधी विळ्याने कापून आगपट्टे काढलेली माणसे अजून थोडी आहेत. बहुतेकांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्या आठवणींसाठी आठवड्यातून अर्धा रकाना द्यावा. लष्करी तपशील कोणी सांगणार नाही आणि आपणही छापू नये. पण भाकर कोठे बसून खात, पगार कोणत्या दिवशी होई, भोंगा किती वेळा वाजे, हे छापायला हरकत नसावी.

आजोबांच्या त्या नकलेची छायाप्रत पत्रासोबत जोडली आहे. शिक्का नीट उमटलेला नाही आणि शेवटचा रकाना छपाईत दिसणार नाही, इतका फिकट आहे. छापणार असाल, तर तो तेवढा मोठा करून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. देवळी, जि. वर्धा